सज्जनांपासून संरक्षण

दुर्जनांपासून स्वतःचे रक्षण कसे करावे याविषयी मनुष्यजातीने आजवर जेवढा विचार केला आहे, त्याच्या शतांश विचारही तिने सज्जनांपासून रक्षण कसे करावे याविषयी केलेला नाही. चोरासाठी कुलूप आहे, दरोडेखोरासाठी शिबंदी आहे, लफंग्यासाठी दंडसंहिता आहे आणि कर्जबुडव्यासाठी जप्तीचे फर्मान आहे. परंतु जो मनुष्य निर्मळ अंतःकरणाने, कोणी न सांगता, केवळ 'जरा नीटनेटके करावे' एवढ्याच हेतूने दुसऱ्याच्या हिशेबात हात घालतो, क्षणार्धात महिन्याभराच्या जमाखर्चाची राखरांगोळी करतो आणि वर 'उपयोग झाला ना?' असे हसतमुखाने विचारतो, त्याच्यासाठी कोणत्याही राज्यकर्त्याने बंदिशाळा बांधल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक कोष्टकाची, म्हणजे जिला संस्थेतील आबालवृद्ध नुसते 'शीट' म्हणतात तिची, खजिनदार या नात्याने राखण करीत असता माझी अशी पक्की समजूत झाली आहे की, कोष्टकाचा खरा वैरी घातपाती नसतो, परोपकारी असतो.

या वस्तूच्या दुर्दैवाचे बीज तिच्या जन्मातच आहे. अमेरिकेतील हार्वर्ड येथे व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण घेत असता डॅन ब्रिकलिन नामक विद्यार्थी आपल्या अध्यापकांना फळ्यावर आकड्यांची कोष्टके मांडताना पाहत असे. मांडणीतला एखादा आकडा बदलला, की त्याच्यावर विसंबलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहिण्याची पाळी त्या बिचाऱ्या गुरुजनांवर येई. एक आकडा बदलताच उरलेले आपण होऊन बदलतील असा फळा मिळाला तर काय बहार होईल, असे त्या शिष्योत्तमाच्या मनात आले, आणि बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने 1979 साली 'व्हिसिकॅल्क' हे कोष्टक ॲपल-2 या छोट्या संगणकावर अवतरले. एका ठिकाणी हात ठेवताच सर्वत्र परिणाम व्हावा, हा वर मागणाऱ्याच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. परंतु असा वर भलत्याच्या हाती पडला म्हणजे काय होते, हे भस्मासुराच्या आख्यानात पूर्वीच नमूद आहे. कोष्टक जोवर एका कारकुनाच्या एका यंत्रात नांदत होते तोवर हा धोका त्या कारकुनापुरताच होता. 2006 साली गूगलने आपले कोष्टक काढले आणि एकाच पानावर अनेकांनी, आपापल्या घरी बसून, एकाच वेळी लिहावे अशी सोय करून दिली. त्या दिवसापासून वर एक राहिला आणि हात असंख्य झाले.

पुण्यातील आमच्या संस्थेचे खजिनदारपद मी मागून घेतलेले नाही. कार्यकारी समितीच्या ज्या पहिल्या बैठकीत पदाधिकारी निवडले गेले त्या बैठकीस मी प्रकृतीच्या कारणास्तव गैरहजर राहिलो, आणि गैरहजर सभासद हरकत घेऊ शकत नसल्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली. दप्तराबरोबर माझ्या ताब्यात जे कोष्टक आले त्यात सदनिका क्रमांक, सभासदाचे नाव, देखभाल शुल्क, सिंकिंग फंड, पार्किंग, टँकरचा हिस्सा, मागील बाकी, त्यावरील व्याज, एकूण येणे आणि शेरा असे स्तंभ होते. माझे पूर्वाधिकारी लोकशाहीवर अपार निष्ठा असणारे गृहस्थ असल्यामुळे त्यांनी या कोष्टकाची लिंक संस्थेच्या व्हॉट्सॲप समूहावर टाकून, ज्याच्या हाती ती लिंक येईल त्याला त्यात वाटेल तो बदल करण्याची मुखत्यारी बहाल केली होती. सभासद, त्यांची मुले, त्यांचे भाडेकरू आणि त्यांच्याकडे सुटीत आलेले पाहुणे एवढ्या सर्वांना आमच्या जमाखर्चावर समान अधिकार होता, आणि तो बजावण्यात कोणी कसूर करीत नव्हते.

पहिला प्रसंग अकारविल्हेचा. ए विंगमधील एका काकूंना सदनिकेच्या क्रमांकाने लावलेली यादी गैरसोयीची वाटली. कोणाचे नाव शोधायचे तर सगळी यादी वरपासून खालपर्यंत पाहावी लागते, हे त्यांचे म्हणणे मुळात अगदी रास्त होते. त्यांनी नावांचा स्तंभ निवडला आणि तो वर्णक्रमाने लावण्याची आज्ञा यंत्रास दिली. यंत्र आज्ञाधारक असल्यामुळे त्याने निवडलेला स्तंभ तेवढा हलवला. नावे वर्णक्रमाने उभी राहिली, आणि त्यांच्या पुढ्यातील आकडे मात्र जागच्या जागी राहिले. क्षणार्धात संस्थेतील प्रत्येक सभासद दुसऱ्याच्या कर्जाचा किंवा दुसऱ्याच्या पुण्याईचा धनी झाला. दर महिन्याच्या एक तारखेस सकाळी शुल्क भरणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या नावापुढे तीन वर्षांची थकबाकी आणि तिच्यावर द. सा. द. शे. 21 या दराने चढलेले व्याज झळकू लागले. आणि ज्या गृहस्थांनी ती थकबाकी परिश्रमपूर्वक निर्माण केली होती ते आगाऊ भरणा केलेल्या सभासदांच्या पंक्तीत जाऊन बसले. मुख्याध्यापक सर्व पावत्यांची फाइल काखोटीला मारून, दम लागलेल्या अवस्थेत माझ्या दारी आले. ते आत येऊन बसतात न बसतात तोच दुसरे गृहस्थ हातातल्या फोनवर शीटचा फोटो दाखवीत दारात उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "खजिनदारसाहेब, तेवढं नो ड्यूज सर्टिफिकेट देऊन टाका. मी पहिल्यापासून सांगतच होतो, माझ्याकडं काही बाकी नाही म्हणून."

काकूंकडे मी यासंबंधी अत्यंत नम्रपणे चौकशी केली. त्या म्हणाल्या, "अहो, मी कशाला हात लावीन? आकड्यांना तर मी शिवलेसुद्धा नाही. नुसती नावं नीट लावली." या कैफियतीतील एकही अक्षर असत्य नव्हते, आणि त्यामुळेच तिच्यावर काही इलाज नव्हता.

पुढे एका तरुण सभासदाने केवळ आपल्या विंगची यादी पाहावी म्हणून कोष्टकास फिल्टर लावला. साधा फिल्टर एकाने लावला की तो सर्वांनाच लागतो, आणि फक्त आपल्यापुरते पाहायचे असल्यास 'फिल्टर व्ह्यू' नावाची निराळी सोय आहे, ही गोष्ट त्याला ठाऊक नसल्यामुळे उरलेल्या दोन विंगा एका सायंकाळी भूतलावरून नाहीशा झाल्या. "आमची घरं यादीतून कमी करण्याचा ठराव कधी झाला?" अशी विचारणा करणारे फोन मला रात्रीच्या जेवणापर्यंत येत राहिले; एका आजींनी तर बांधकाम व्यावसायिकाने पुनर्विकासाचा डाव साधला अशी समजूत करून घेऊन, वकिली करणाऱ्या आपल्या जावयास पाचारण केले होते.

मानवी हस्तक्षेपाची ही कथा. यंत्राचा हस्तक्षेप निराळाच. ज्या महाराष्ट्रात सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी माणसांनी तलाठ्याच्या कचेरीत आयुष्याची उमेद घालवली, त्या महाराष्ट्रातील सभासदाने जमिनीच्या कागदपत्रांच्या यादीत 7/12 असे लिहिले, की हे कोष्टक कोणासही न विचारता त्याची एक तारीख करून टाकते. ती जुलैची बारावी असावी की डिसेंबरची सातवी, एवढाच काय तो विकल्प ते देशपरत्वे शिल्लक ठेवते. या दुराग्रहापुढे भल्याभल्यांनी हात टेकले आहेत. मनुष्याच्या काही जनुकांना शास्त्रज्ञांनी सेप्ट-1, मार्च-1 अशा धर्तीची आखूड नावे दिली होती; एक्सेलने ती सप्टेंबर आणि मार्च महिन्यांच्या तारखा समजून बदलण्याचा सपाटा लावला. अखेरीस जनुकांचे नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने 2020 साली सुमारे 27 जनुकांची नावेच बदलून सेप्टिन-1, मार्चएफ-1 अशी केल्याचे जाहीर केले. लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीने घडवलेल्या जनुकांना हिशेबाच्या एका कोष्टकापुढे माघार घ्यावी लागली, हे वाचल्यापासून पार्किंगच्या '5/2' या क्रमांकाची फेब्रुवारी झाल्याबद्दल मी कोणापाशीही तक्रार करीत नाही. अगोदर त्या स्तंभास 'प्लेन टेक्स्ट' हा प्रकार नेमून देतो आणि मगच क्रमांक लिहितो.

परंतु खरा गहजब उडाला तो क्वॉगामुळे. लिंक सर्वांना मोकळी असली आणि येणाऱ्याने आपल्या खात्यातून प्रवेश केलेला नसला, म्हणजे गूगल त्याचे नाव न दाखवता त्याला एखाद्या प्राण्याचे सोंग देते. कोणी अनामिक कपिबारा होतो, कोणी अनामिक ॲक्सोलॉटल होतो. पार्किंगच्या वाटपाचा तंटा ऐन रंगात असता एके रात्री त्या स्तंभात अनामिक क्वॉगा वावरताना सचिवांच्या दृष्टीस पडला, आणि दुसऱ्या दिवशी दोन आच्छादित जागांची अदलाबदल झालेली आढळली. समितीची तातडीची बैठक भरली. "क्वॉगा कोण?" हा एकमेव विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता. क्वॉगा हा दक्षिण आफ्रिकेतील अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्र्याचा भाऊबंद असून, त्यातील अखेरचा 1883 साली आम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावल्याचे मी सभेच्या निदर्शनास आणले. त्यावर अध्यक्षांनी, नामशेष झालेल्या प्राण्यास आच्छादित पार्किंगची गरज काय, असा मार्मिक प्रश्न उपस्थित केला. परंतु बदलाच्या नोंदीत अनामिकापलीकडे काहीच न सापडल्यामुळे चौकशी तहकूब करावी लागली.

या बैठकीनंतर मी विचारास बसलो असता माझ्या ध्यानात आले की, एकदा लिहिलेले दुसऱ्याने बदलू नये ही चिंता आपल्या पूर्वजांनाही होती, आणि त्यांनी तिचा बंदोबस्त मोठ्या कल्पकतेने केला होता. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात आणि घाटावर दानाच्या शिळा उभारीत. त्यांच्या माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरीत, म्हणजे चंद्रसूर्य आहेत तोवर हा लेख कायम. मधल्या भागात दानाचा तपशील लिहीत. आणि खाली, शासनाचा लोप करणाऱ्याच्या मातोश्रींचा एका गाढवाशी जो संबंध जोडला जाई, त्याचे चित्र काढीत. यांना गधेगाळ म्हणतात. बाराव्या शतकातील अपरादित्याच्या परळ येथील शिलालेखात ही शापवाणी चित्रावर न भागवता शब्दांतही लिहिली आहे. ती येथे उतरवण्याइतकी माझी लेखणी धीट नाही. ताम्रपटांची तऱ्हा याहून सभ्य होती. त्यांत दिलेली भूमी हिरावून घेणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होऊन राहील एवढेच सांगितलेले असे. शिवाय अनेक पत्रे एका कडीत ओवून त्या कडीच्या सांध्यावर राजमुद्रा ठोकलेली असल्यामुळे, मध्येच एखादे पान घुसडावयाची सोय नसे. शिवकालात पत्राचा मजकूर जेथे संपे तेथेच मोर्तब उमटे, आणि 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा पाहताच खाली आणखी दोन ओळी जोडण्याची कोणाची छाती होत नसे.

या सर्वांहून मला अधिक आदर वाटतो तो महसूल खात्याच्या फेरफाराविषयी. सातबाऱ्यावरील नाव कोणासही, प्रत्यक्ष तलाठ्यासही, मनास येईल तेव्हा बदलता येत नाही. 1966 च्या जमीन महसूल अधिनियमानुसार बदलाची नोंद आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांकानिशी करावी लागते. हितसंबंधितांस नोटीस जाते. हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत असते. हरकत आलीच तर ती 6-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत चढते. आणि मंडळ अधिकाऱ्याने तसदीक केल्यावरच नोंद उताऱ्यावर उतरते. तेव्हाही जुने नाव खोडत नाहीत. त्याला कंस करतात. कोण होता, कोणत्या फेरफाराने गेला आणि त्याच्या जागी कोण आला, हे उताऱ्यावरून पिढ्यान्पिढ्या वाचता येते. गूगलने 'व्हर्जन हिस्टरी' नावाने जी सोय दिली आहे, आणि जिच्यायोगे काकूंनी नावे नीट लावण्यापूर्वीची स्थिती मी दोन टिचक्यांत परत आणली, तिचा पाया आमच्या तलाठ्याने कधीच घातलेला होता. फक्त त्याच्याकडे 'रिस्टोर' हे बटण नव्हते, आणि ती उणीव दिवाणी न्यायालये आजतागायत भरून काढीत आहेत.

समितीने अखेर कोष्टकास संरक्षण देण्याचा ठराव मंजूर केला, आणि मी त्याच्या अंमलबजावणीस लागलो. संरक्षणाचे दोन प्रकार आहेत. पहिला सौम्य: संरक्षित भागात कोणी हात घातला म्हणजे, हा भाग चुकून बदलू नये असा आहे, तरीही बदलावयाचा काय, अशी सभ्य पृच्छा पडद्यावर उमटते. 'येथे जाहिराती चिकटवू नयेत' या पाटीवरच पहिली जाहिरात चिकटवणाऱ्या आमच्या नगरीत या पृच्छेचे जे व्हावयाचे तेच झाले. सभासदांनी ती आपली खुशाली विचारण्यासाठी आहे असे समजून 'ओके' म्हणून उत्तर दिले आणि आपले काम पुढे चालू ठेवले. दुसरा प्रकार कठोर: अमुक इसमांखेरीज कोणीही या भागास हात लावू शकत नाही. त्यातही शहाणपण असे की, एकेक रकाना राखत बसण्याऐवजी सबंध पान राखावे आणि जेथे सभासदांनी लिहावयाचे तेवढेच रकाने वगळावेत. एक्सेलची रीत याहून गूढ आहे. तेथे प्रत्येक रकाना जन्मतःच 'लॉक्ड' असतो, परंतु पानास संरक्षण दिल्यावाचून त्या कुलपात जीव येत नाही. म्हणून आधी भरावयाचे रकाने मोकळे करावेत आणि मग पान बंद करावे. जे उलट क्रमाने जातात त्यांना स्वतःच्याच कोष्टकाबाहेर उभे राहून दार ठोठावावे लागते. शिवाय पानास दिलेले हे संरक्षण म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे, असे मायक्रोसॉफ्टनेच बजावलेले आहे; ते धसमुसळ्या हातांसाठी आहे, दुष्ट हेतूसाठी नाही. मला त्याहून अधिक काही नकोच होते. आमच्या संस्थेत दुष्ट हेतूचा दुष्काळ आहे, हीच तर माझी अडचण होती.

मात्र कुलपापेक्षा मानपान जड असतो याची कल्पना मला आली ती अधिकारवाटपाच्या वेळी. शीटच्या दरबारात मालक, एडिटर, कमेंटर आणि व्ह्यूअर अशा चार पायऱ्या आहेत. पहिल्यास सर्वाधिकार, दुसऱ्यास लेखनाचा, तिसऱ्यास समासात टीप लिहिण्याचा आणि चौथ्यास केवळ दर्शनाचा. सर्वसाधारण सभासदांस व्ह्यूअर करताच ज्या प्रक्षोभास मला तोंड द्यावे लागले, तसा प्रक्षोभ संस्थानांच्या विलीनीकरणाच्या वेळी तनखा ठरवतानाही उसळला नसेल. "बावीस वर्षं मी या सोसायटीत राहतोय, आणि मला नुसतं बघायला बसवलंत?" असा सवाल मला जिन्यात टाकण्यात आला. कोणाच्या स्नुषेस कमेंटर केले आणि सासूस केले नाही, यावरून एका घरात दोन दिवस अबोला होता. आणि या सर्वांच्या वर, कोणत्याही संरक्षणाने ज्याला अडवता येत नाही तो मालक; हे पद, पूर्वाधिकाऱ्यांच्या ज्या पुतण्याने हे कोष्टक प्रथम उघडून दिले त्याच्याकडे होते, आणि तो न्यू जर्सीत नोकरीस होता. मालकी सोडावयाची म्हणजे त्याने देऊ करावी आणि आम्ही ती स्वीकारावी, असा जाबता आहे. त्याच्याकडे पहाट होऊन तो निरोप पाहीपर्यंत पुण्यातील टँकरच्या हिशेबाची मालकी अटलांटिकपार अडकून पडली होती. ती मिळाली तेव्हा त्याने सोबत, 'काका, कलर स्कीम जरा बदलली आहे, छान दिसतंय,' असा निरोप जोडला होता.

याप्रमाणे तटबंदी पुरी झाली. सूत्रे बंद, स्तंभ बंद, लिंक बंद. प्रत्येकाची ओळख पटलेली. क्वॉगा पुन्हा एकवार नामशेष. संस्थेत अपूर्व शांतता पसरली. कोणाच्या नावास कोणाची बाकी चिकटत नव्हती, पार्किंगला महिने लागत नव्हते. कोष्टक इतके निर्दोष दिसू लागले की, ते पाहण्यासही कोणी फिरकेना. ज्यांना आपला आकडा पाहावयाचा असे ते मला फोन करीत. काही उत्साही सभासदांनी संरक्षणापूर्वीच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. त्यांची 'मेंटेनन्स फायनल', 'मेंटेनन्स फायनल नवीन' आणि 'मेंटेनन्स फायनल खरी' अशी तीन स्वतंत्र संस्थाने समूहावर नांदू लागली, आणि तेथे ज्याला जे वाटेल ते तो निर्वेधपणे बदलू लागला. माझ्या तटबंदीच्या आत सत्य सुरक्षित होते. माणसे तेवढी बाहेर राहत होती.

या शांततेचा भंग केला तो बी विंगमधील काकांनी. हे गृहस्थ एका सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले असून, दुसऱ्याचा कागद दुरुस्त केल्यावाचून त्यांना चहा गोड लागत नाही. पूर्वी त्यांनी टँकरच्या स्तंभातील 'टैंकर' हा शब्द शुद्ध करण्याच्या भरात त्याच्या शेजारचे बेरजेचे सूत्र नाहीसे केले होते, आणि संरक्षणाची कल्पना सुचवताना माझ्या डोळ्यांपुढे प्राधान्याने त्यांचीच मूर्ती होती. ज्येष्ठत्वाचा मान म्हणून त्यांना कमेंटर केले होते. एके सकाळी टँकरच्या खर्चाच्या एका रकान्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण दिसू लागला. उघडून पाहतो तो आत एवढाच मजकूर: 'दि. 9 व दि. 12 या दोन्ही नोंदींचा पावती क्रमांक एकच. टँकर एकदा आला की दोनदा? रुजवात व्हावी.' मी पावत्या काढल्या. पुरवठादाराने एकाच खेपेचे बिल तारीख बदलून दोनदा लावले होते, ते दोनदा अदा झाले होते, आणि कुलूपबंद कोष्टकाने ती दोन्ही बिले डोळ्यांत तेल घालून जपली होती.

असे इतरत्रही घडलेले आहे, आणि ते याहून मोठ्या आकड्यांच्या बाबतीत. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोघा विख्यात अर्थशास्त्रज्ञांनी 2010 साली एका निबंधात, सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 90 टक्क्यांपलीकडे गेले की देशाची वाढ खुंटते अशा आशयाचे प्रतिपादन केले, आणि काटकसरीचा आग्रह धरणाऱ्या मुत्सद्द्यांनी ते उचलून धरले. 2013 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन हा विद्यार्थी ते गणित स्वतः मांडू गेला असता त्याला तेच उत्तर येईना. त्याने लेखकांकडून मूळ कोष्टक मागवले, आणि सरासरीचे सूत्र उघडून पाहिले तेव्हा अकारविल्हे पहिले पाच देश, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, त्यातून सुटलेले आढळले. लेखकांनी ती चूक मान्य केली. मुख्य निष्कर्ष मात्र त्यांनी सोडला नाही. मुद्दा एवढाच की, तीन वर्षे जगातील विद्वान त्या निबंधाचा हवाला देत होते, आणि रकान्यात बोट घालून पाहण्याचा उद्धटपणा एका विद्यार्थ्याने केला.

तेव्हा माझे जे मत बनले आहे ते असे की, कोष्टकात लुडबूड करणारा मनुष्य हा बहुधा ते वाचणारा एकमेव मनुष्य असतो. त्याचा हात बांधावा हे युक्तच आहे. परंतु हात बांधण्याच्या भरात त्याचे डोळेही बांधले गेले, तर आत काय सडते आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. सूत्रांस कुलूप असावे, नोंदीस नाव असावे, जुन्यास खोडून न टाकता कंस असावा, आणि हरकतीस जागा असावी. तलाठ्याच्या कचेरीत एवढी अक्कल पूर्वीपासूनच आहे.

काकांचे मी तोंडी आभार मानले नाहीत; मानले असते तर ते रोज सकाळी आले असते. त्याऐवजी पूर्वपरंपरेस अनुसरून मी त्यांना इनाम दिले, आणि त्याची सनद लिहून समूहावर प्रसिद्ध केली. तिचा मजकूर असा:

'राजमान्य राजश्री काका, निवासी बी विंग, यांसी. संस्थेचे खजिनदार यांचे विनंतिपूर्वक लिहिणे ऐसे जे: आपण संस्थेच्या पदरी निष्ठेने चाकरी करून टँकरचा तफावत उघडकीस आणिला, त्यावरून संतोष पावोन सामाईक कोष्टकातील शेरा हा स्तंभ आपणांस इनाम करार करून दिला असे. त्याच्या चतुःसीमा: पश्चिमेस एकूण येणे हा संरक्षित स्तंभ, पूर्वेस कोरे मैदान, उत्तरेस शीर्षकाची गोठवलेली ओळ, दक्षिणेस बेरीज. या सीमांच्या आत आपण बेलाशक शेरे लिहावे, शुद्धलेखन सुधारावे, शंका काढाव्या. शेजारच्या स्तंभांस कोणत्याही प्रकारे उपसर्ग न देणे. जाणिजे.'

शापाचा मजकूर मी संस्थेत लहान मुले असल्याकारणाने गाळला होता. सनद प्रसिद्ध होऊन चहाचा कप संपतो न संपतो तोच इनामदारांनी आपल्या जहागिरीचा कब्जा घेतला. शेरा या स्तंभाच्या पहिल्याच रकान्यात, त्यांच्या पूर्ण नावानिशी, पुढील नोंद उमटली: 'सनदेत "टँकरचा तफावत" असे आहे, "टँकरची तफावत" असे हवे. दक्षिण सीमाही संदिग्ध आहे. मध्ये नवी ओळ घातल्यास बेरीज एक घर खाली सरकते. मग त्या मधल्या घराचा मालक कोण? सबब सनद दुरुस्त करून पुन्हा काढावी.'